एका रेणूचा थर आणि त्याचा काठ

ऊन अजून पुरतं उतरलेलं नाही, तरी खापरी मेट्रो स्टेशनापासून चालत काही जण इथे मिहानला पोचले आहेत. त्यांचे आधी आभार. या सभागृहात एसी आहे, पण आज आम्ही मुद्दाम एक कूलर आणून ठेवलाय. कूलरसमोर टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची परात आहे, शेजारी टाल्कम पावडरची डबी, भांडी घासायच्या साबणाची वडी आणि एक फूटपट्टी. आजच्या व्याख्यानाची प्रयोगशाळा एवढीच.

कूलर का, ते आधी सांगतो. नागपूरकराला बाष्पीभवन शिकवावं लागत नाही. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, वारा त्यातून जातो, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि आपण नवतपा निभावून नेतो. सकाळी भरलेली टाकी रात्री रिकामी होते, त्याचं आपल्याला वाईट वाटत नाही. पण हेच काम अंबाझरीवर, फुटाळ्यावर, गोरेवाड्यावर आणि विदर्भातल्या एकूण एक गावतलावावर चालू असतं. तिथे कोणाला गारवा मिळत नाही, नुसतं पाणी जातं.

किती जातं? मे महिन्यातल्या कडक दिवशी उघड्या पाण्याची पातळी सुमारे एक सेंटिमीटर उतरते असं धरू. आकडा लहान वाटतो. आता एक हेक्टरचा तलाव घ्या. एक हेक्टरवरचं एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर, रोज, एका हेक्टरमागे. ज्या गावात पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका रांगेत उभ्या असतात, त्याच गावाच्या तलावावरून हे टँकर कोणाला न दिसता वर निघून जातात.

हे पाणी अडवायला तलावावर झाकण घालता येईल का? आणि ते झाकण फक्त एका रेणूएवढं जाड असेल तर? ही कल्पना वेडगळ नाही. विसाव्या शतकात ती जगभर गांभीर्याने हाताळली गेली, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात झालं. त्या कामाची, त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट आज आपण बघणार आहोत.

चमचाभर तेल, अर्धा एकर तळं

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून करू. १७५७ साली जहाजांच्या ताफ्यातून इंग्लंडला जाताना त्यांना दिसलं की इतर जहाजांमागे पाणी खळबळतंय, पण दोन जहाजांमागचं पाणी मात्र गुळगुळीत आहे. कप्तानाला विचारलं, तर उत्तर आलं की आचाऱ्यांनी खरकटं तेलकट पाणी ओतलं असेल. खलाशांना यात नवल काही नव्हतं. फ्रँकलिनच्या डोक्यात मात्र ते राहिलं. पुढे लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्यांनी चमचाभर तेल टाकलं, आणि बघता बघता सुमारे अर्धा एकर पाणी काचेसारखं शांत झालं. १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे छापलं.

फ्रँकलिननी एक भागाकार करायचा ठेवला. तो आपण करू. चमचाभर म्हणजे चार-पाच मिलिलिटर. अर्धा एकर म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. भागिलं की थराची जाडी येते दोन-अडीच नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हा आकडा रेणूच्या लांबीचा आहे. म्हणजे १७७४ साली एका माणसाने रेणूचं माप हातात धरलं होतं, फक्त ते माप आहे हे ठाऊक नव्हतं. तेव्हा रेणू ही कल्पनाच कोणी नीट मांडलेली नव्हती.

आता परातीकडे बघा. आम्ही पाण्यावर पावडर भुरभुरवतोय. पांढरा पातळ थर झाला. आता साबणाच्या वडीचा कोपरा मधोमध नुसता टेकवतो. गेली पावडर काठाला! मागच्या रांगेतून दिसलं ना? वडीतून साबणाचे रेणू पाण्यावर पसरले आणि त्यांनी पावडरीला ढकलत नेलं. ते रेणू आपल्याला दिसले नाहीत, दिसलं ते त्यांचं ढकलणं. या शास्त्राचा सगळा इतिहास असा अप्रत्यक्ष बघण्याचा आहे.

ब्राउनश्वाइगचं स्वयंपाकघर

फ्रँकलिननंतर शंभर वर्षं हा विषय जवळपास पडून राहिला. तो उचलला एका मुलीने, भांडी घासता घासता.

ॲग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १८६२ चा. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायच्या. मुलींना तेव्हा विद्यापीठात प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरचा स्वयंपाक हेच त्यांचं काम. धाकटा भाऊ फ्रीडरिख भौतिकशास्त्र शिकत होता, त्याची पुस्तकं त्या वाचायच्या. अठराव्या-विसाव्या वर्षी त्यांचं लक्ष खरकट्या पाण्याकडे गेलं. स्वच्छ पाणी आणि तेलकट पाणी वागतं वेगळं. पण किती तेलाने किती वेगळं?

त्यांनी पत्र्याचं एक लांबोडकं भांडं घेतलं. ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. काठोकाठ पाणी भरलं आणि त्यावर आडवी एक पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी पुढे सरकवली की पृष्ठभाग लहान होतो, मागे नेली की मोठा. पृष्ठभागाचा ताण मोजायला तराजूला एक छोटी चकती टांगली आणि ती पाण्यावरून उचलायला किती वजन लागतं ते बघितलं. आज याच रचनेच्या उपकरणाला जगभरच्या प्रयोगशाळांत 'ट्रफ' म्हणतात आणि त्याला भरपूर पैसे मोजावे लागतात. पॉकेल्सबाईंच्या घरी ते जवळपास फुकट झालं.

त्यांना काय दिसलं? पाण्यावर अगदी थोडं तेलकट द्रव्य असलं आणि जागा ऐसपैस असली, तर ताण स्वच्छ पाण्याएवढाच राहतो, जणू तिथे काही नाहीच. पट्टी सरकवत जागा कमी करत गेलो की एका ठराविक ठिकाणी ताण अचानक उतरायला लागतो. त्या क्षणी रेणू एकमेकांना टेकलेले असतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर सकाळची रिकामी एसटी. चार प्रवासी आहेत, कोणी आडवं पसरलंय, कोणी दोन सीटांवर पाय टाकून बसलंय. स्टॉपमागून स्टॉप गाडी भरत जाते. मग सगळे उभे, खांद्याला खांदा लावून, आणि आता एक जरी चढला तरी सगळ्यांना कळतं. रेणूंचंही तसंच. पण एसटीला पत्रा आहे, दार आहे, म्हणून ती भरते. मोकळ्या मैदानात तेवढीच माणसं सोडली तर गर्दी होणार नाही. पॉकेल्सबाईंची पट्टी म्हणजे हा पत्रा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं. रॅली त्याच विषयावर काम करत होते. मोठे शास्त्रज्ञ, पण मनानेही मोठे. त्यांनी पत्राचा इंग्रजी तर्जुमा करवून घेतला आणि 'नेचर'कडे पाठवला. मार्चमध्ये तो छापून आला. घरगुती साधनांनी एका बाईने मोलाचे निष्कर्ष काढलेत, असं रॅलींनी सोबत कळवलं. पॉकेल्सबाईंना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९३२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी. तीन वर्षांनी त्या गेल्या.

रेणू उभे राहतात

थर एका रेणूचाच असावा, हे रॅलींनी १८९९ मध्ये म्हटलं. पण रेणू पडलेत की उभे आहेत? हे दाखवलं आयर्व्हिंग लँगम्युर यांनी, १९१७ साली, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यांनी वेगवेगळ्या लांबीची मेदाम्लं घेतली. मेदाम्लाचा रेणू म्हणजे एक डोकं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. लँगम्युरना आढळलं की शेपूट लांब असो वा आखूड, गर्दी झाल्यावर प्रत्येक रेणू जागा तेवढीच व्यापतो. आडवा असता तर लांबाने जास्त जागा घेतली असती. म्हणजे सगळे उभे आहेत. उथळ पाण्यात बगळे उभे असतात तसे, पाय पाण्यात आणि बाकी अंग वर.

कोणी त्यांना रांगेत लावलेलं नाही. डोक्याची ओढ खाली, शेपटीची वर, आणि शेजारच्या शेपट्या एकमेकींना धरून. एवढ्या तीन गोष्टींतून शिस्त आपोआप उभी राहते. लँगम्युरना १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी हे थर काचेवर एकावर एक चढवायची रीत बसवली. काच पाण्यात बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची. ४४ थर चढवून त्यांनी १९३८ मध्ये अशी काच केली की तिच्यावरचं प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं झालं. तुमच्या चष्म्यावर परावर्तन रोखणारा जो लेप असतो, तो आज वेगळ्या द्रव्याचा करतात, पण विचार तोच.

आता आपल्या कामाचा प्रश्न. हे उभे रेणू दाटीवाटीने लागले, तर पाण्याची वाफ त्यातून निसटेल का? इंग्लंडमध्ये एरिक रिडील यांनी १९२५ मध्ये दाखवलं की असा थर बाष्पीभवन मंदावतो. १९४३ मध्ये लँगम्युर आणि त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी ते बारकाईने मोजलं. गंमत बघा, याच जोडगोळीचं नाव १९४६ पासून कृत्रिम पावसाशी जोडलं गेलं. २००३ आणि २०१५ साली महाराष्ट्रात ढगांवर फवारणी करणारी विमानं उडाली, त्यांची वंशावळ यांच्यापर्यंत जाते. खालचं पाणी वर जाऊ द्यायचं नाही आणि वरचं खाली आणायचं, दोन्ही टोकांना तीच दोन माणसं.

एक खुलासा. फ्रँकलिनचं तेल या कामाला चालत नाही. खाण्याच्या तेलातल्या बऱ्याच शेपट्यांना मधे बाक असतो. वाकड्या काठ्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, फटी राहतात, वाफ निसटते. सरळ शेपटीचं द्रव्य हवं. ते मिळालं सेटाइल अल्कोहोलमध्ये. नाव अल्कोहोल असलं तरी हे पांढरं, मेणचट, निरुपद्रवी द्रव्य आहे. घरी गेल्यावर कोल्ड क्रीमच्या डबीमागची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच डब्यांवर ते सापडेल.

आणि लागतं किती? एका रेणूची जागा ठाऊक आहे, त्यावरून हिशेब निघतो. एक हेक्टर पाणी एका थराने झाकायला सुमारे २० ग्रॅम. एका पारड्यात २० ग्रॅम मेण, दुसऱ्यात रोजचे दहा टँकर. अशा हिशेबाने कोणाचंही डोकं फिरेल. पन्नाशीच्या दशकात फिरलंही.

पुण्याचं काम

ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफिल्ड यांनी जलाशयांवर प्रयोग सुरू केले, अमेरिकेतही झाले. आणि भारतात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपण जिला एनसीएल म्हणतो तिथे झाले. हा नुसता योगायोग नव्हता, असं आम्हाला वाटतं.

एनसीएलचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन. साबणाचे रेणू पाण्यात गोळा होऊन पुंजके करतात, हे सांगणारे हेच. दुसरे संचालक जॉर्ज फिंच. यांचं नाव गिर्यारोहकांना जास्त ठाऊक आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत पाठीवर ऑक्सिजन घेऊन ते ८३०० मीटरच्या आसपास चढले होते. पण पोटापाण्याचा त्यांचा विषय होता पृष्ठभाग आणि पातळ थर. इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून थरातली रचना ओळखणं ही त्यांची खासियत. म्हणजे नव्या देशाच्या नव्या प्रयोगशाळेचे पहिले दोन्ही प्रमुख पृष्ठभागाचे शास्त्रज्ञ. अशा घरात ट्रफवर काम करणारी मंडळी तयार झाली नसती तरच नवल.

ए. बी. बिस्वास यांच्याभोवती देव, कुलकर्णी, घारपुरे वगैरे संशोधक जमले. त्यांनी हात घातला तो एका व्यावहारिक अडचणीला. सेटाइल अल्कोहोलची शेपूट सोळा कार्बनची. शेपूट लांबवली की बाष्पीभवन जास्त अडतं, हे माहीत होतं. पण लांब शेपटीचं द्रव्य पाण्यावर पसरायलाच मागत नाही. मेणाचा कण तसाच तरंगत बसतो. म्हणजे चांगलं अडवणारं पसरत नाही आणि लवकर पसरणारं तितकं चांगलं अडवत नाही.

पुण्याच्या मंडळींनी डोक्याकडे बघितलं. शेपूट आणि मूळ डोकं यांच्यामध्ये त्यांनी एक छोटा ऑक्सिजनवाला तुकडा जोडला. अशा द्रव्यांना अल्कॉक्सी इथेनॉल म्हणतात. त्याने डोक्याची पाण्याशी सलगी वाढली. आता शेपूट लांब ठेवूनही द्रव्य झपाट्याने पसरायला लागलं. १९६० मध्ये त्यांचं टिपण 'नेचर'मध्ये आलं, १९६२ मध्ये पसरण्याच्या वेगाची मोजमापं अमेरिकन रसायनशास्त्रीय नियतकालिकात आली. ब्राउनश्वाइगच्या पत्राला ज्या 'नेचर'ने जागा दिली, त्याच 'नेचर'मध्ये सत्तर वर्षांनी पुण्याचं टिपण.

आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा दोनच प्रकार होतात. एक तर सगळं परदेशात झालं म्हणायचं, नाही तर सगळं आपल्याकडे आधीच होतं म्हणायचं. पुण्याचं हे काम दोन्हीत बसत नाही. जगभर चाललेल्या कामात आपल्या दुष्काळाची निकड घेऊन काही माणसं उतरली आणि त्यांनी त्या कामाला खरी भर घातली, एवढं साधं ते आहे. म्हणून ते फार कोणी सांगत नाही.

वाऱ्यावर सोडलेला थर

मग १९७२ च्या दुष्काळात आपले तलाव या थराने का झाकले गेले नाहीत? आज का झाकत नाही?

इथे कूलर कामाला येतो. परातीत आम्ही ताजं पाणी भरलंय, पावडर भुरभुरवली आहे, पाण्याला बोट लागू दिलेलं नाही. आता कूलर सुरू करतो. बघा. दोन सेकंदही लागले नाहीत. सगळी पावडर पलीकडच्या काठाला, आणि अलीकडचं पाणी उघडं.

तलावावर नेमकं हेच होतं. पाण्यावरचा थर वाऱ्याबरोबर सरकतो, वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन-चार टक्के वेगाने. ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे विदर्भातल्या उन्हाळी दुपारी काहीच नाही. तेवढ्या वाऱ्यात थर ताशी अर्धा किलोमीटर जातो. म्हणजे अर्धा किलोमीटर रुंदीचा तलाव तासाभरात उघडा. वारा याहून वाढला की लाटाच थर मोडतात. शिवाय पाण्यातल्या जिवाणूंना हे द्रव्य खाद्य म्हणून चालतं, ते त्यावर ताव मारतात. म्हणजे २० ग्रॅमचा हिशेब एका क्षणापुरता खरा; प्रत्यक्षात दिवसभर वरच्या वाऱ्याकडून पुन्हा पुन्हा टाकत राहायचं.

आणखी एक मेख आहे, ती कूलरवाल्यांना लगेच कळेल. वाफ होणं थांबलं की गारवाही थांबतो. झाकलेलं पाणी जास्त तापतं, आणि थर फाटला की ते तापलेलं पाणी जास्त जोमाने उडतं. वाचवलेल्यातलं काही असं परत जातं. प्रयोगशाळेत निम्म्याहून अधिक बाष्पीभवन अडवलेलं द्रव्य अमेरिकेत ओक्लाहोमातल्या हेफ्नर तलावावर १९५८ मध्ये वापरलं, तेव्हा बचत आली सुमारे ९ टक्के.

रसायन चुकलं नव्हतं. रेणू ट्रफमध्ये जसे उभे राहिले तसेच तलावावरही उभे राहिले असते. पण पॉकेल्सबाईंच्या भांड्याला चार काठ होते आणि पाचवी ती पट्टी. तलावालाही काठ आहेत, पण ते इतके लांब की थराला त्यांचा आधार नाही. मराठीत आपण 'वाऱ्यावर सोडणं' म्हणतो, ते इथे अक्षरशः झालं. कागदावरची योजना गावात का फसते, यावर आपण नेहमी बोलतो. भ्रष्टाचार, ढिसाळपणा वगैरे कारणं असतातच. पण कधीकधी कारण याहून साधं असतं. प्रयोगशाळेत जी गोष्ट फुकट मिळाली होती, म्हणजे इथे काठ, ती हिशेबात धरलेलीच नसते.

जिथे काठ आहे तिथे

मग हे सगळं वाया गेलं का? त्यासाठी इथून फार लांब जायला नको. याच मिहानमध्ये एम्सची इमारत आहे. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात चला.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश आहेत. प्रत्येकाला आतून पाण्याचा ओलावा. पाण्याचा ताण त्या इवल्या फुग्यांना मिटवायला बघतो. १९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवलं की फुप्फुस फुगवायला लागणाऱ्या जोरातला मोठा वाटा या ताणाशी झुंजण्यात जातो. पंचवीस वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. मग १९५५ मध्ये रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे फुटत नाहीत, हे दिसलं. आणि १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसाचा अर्क एका ट्रफवर पसरला, पट्टी सरकवली आणि ताण मोजला. तेच उपकरण, तीच पट्टी. जागा लहान केली की ताण पार खाली, मोठी केली की वर.

म्हणजे वायुकोशात एका रेणूचा थर असतो. श्वास सोडला की कोश आकसतो, रेणू दाटतात, ताण पडतो, कोश मिटत नाही. श्वास घेतला की थर पुन्हा पसरतो. फुप्फुस हाच ट्रफ, आणि त्याची पट्टी मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपली आपण सरकते. इथे वारा थर पळवून नेत नाही, कारण काठ चारी बाजूंनी आहे आणि पेशी नवा माल सतत पुरवत असतात.

हा थर गर्भात उशिरा तयार होतो, साधारण चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत. त्याआधी जन्मलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की श्वास न जमून दगावणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नेमका हाच थर कमी असतो. उपाय तरीही लगेच नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान घरातलं बाळ, आणि कमी काय पडलं, तर एका रेणूचा थर.

१९७२ मध्ये, आपण इकडे दुष्काळी कामांवर खडी फोडत असताना, न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की बाळंतपण लवकर होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाच्या फुप्फुसाची तयारी लवकर करवता येते. १९८० मध्ये जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी हे द्रव्य थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि बाळं सावरली. आज हे काम वासराच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रव्याने होतं. आयआयटी मुंबईत रिंटी बॅनर्जी आणि जयेश बेल्लारे यांनी याच द्रव्यावर संशोधन केलंय. आणि पुण्यात एनसीएलमध्ये नव्वदच्या दशकात मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मेदाम्लांच्या थरांत धातूचे सूक्ष्म कण बसवले. ट्रफ त्या संस्थेतून गेला नाही, त्याच्यावरचा प्रश्न बदलला.

इथे आयटीतली बरीच मंडळी बसली आहेत. खिशातला फोन ओएलईडीचा असेल, तर त्याच्या पडद्यातही कार्बनी रेणूंचेच अतिशय पातळ थर उजेड देतात. १९८७ मध्ये चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ती वाट दाखवली. तिथेही थराला काचेचा आधार आहे आणि वरून पक्कं झाकण आहे. हवा-पाणी आत शिरलं की तो मरतो.

शेवटी पुन्हा तलावाकडे येतो, कारण प्रश्न तिथून सुरू झाला होता आणि तो सुटलेला नाही. बाष्पीभवन अडवायचे बाकीचे उपाय आज आहेत. पाण्यावर तरंगणारी सौर पॅनेलं आहेत, शेततळ्यावर अंथरायची आच्छादनं आहेत, उथळ पसरट तलावातला गाळ काढून तो खोल करणं आहे. ते सगळे जड आणि महाग आहेत. पण वारा त्यांना पळवत नाही. एका रेणूच्या थराने तलाव झाकणार असं कोणी तुमच्या ग्रामपंचायतीत सांगायला आलं, तर त्याला हाकलू नका आणि लगेच सहीही करू नका. त्याला दोन प्रश्न विचारा: दुपारी वारा किती असतो ते मोजलंत का? आणि थर दिवसातून किती वेळा टाकणार, कोण टाकणार? उत्तरं पटली तर पुढचं बोलणं करा.

परात, पावडर आणि साबण इथेच टेबलावर राहणार आहे. खाली बसलेली शाळकरी मुलं मघापासून चुळबुळतायत, त्यांना आधी येऊ द्या. पाणी मात्र प्रत्येक वेळी बदला, आणि परात आधी साबणाने घासून मग खूप वेळा साध्या पाण्याने धुवा. एवढुसा साबण राहिला तरी प्रयोग फसेल. तो फसला तर का फसला, तेही आता तुम्हाला सांगता येईल.

आता प्रश्न घेऊ.